धावणारी आणि बसून राहणारी

प्रिय पोरी,

सलाम. तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण तेव्हा उत्तर टाइप करवेना, म्हणलं सकाळी चहा झाला की निवांत बसून लिहू, हे दोन ओळीत उरकायचं काम नाही. आपल्या चर्चच्या तरुण संघाच्या सेक्रेटरीपदावरनं माझं नाव काढा म्हणतेस. का, तर हंगामाच्या सणाच्या, म्हणजे पिकाचं अर्पण आणून त्याचा लिलाव करतो त्या सणाच्या, मीटिंगमध्ये तुझी ती मैत्रीण उठली आणि धडाधड बोलली, मंडप मी बघते, गाणी मी बसवते, पोरं मी गोळा करते, सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले आणि तू तीन आठवडे बसून केलेली यादी वहीतच राहिली. वर कुणीतरी जाता जाता सांगितलं की जरा मोकळं बोलायला शिक, प्रभूच्या कामात लाजून कसं चालेल.

हे वाक्य मी पण ऐकलंय गं, तुझ्याच वयाची असताना, लई लागलं होतं. मग वर्षभर मी दुसऱ्यांसारखी व्हायला गेले, मोठ्यानं प्रार्थना काय, पुढं होऊन बोलणं काय, आणि त्या वर्षभरात माझ्या हातून कुणाचंच भलं झालं नाही. म्हणून तुला तसं कर असं मी अजिबात सांगणार नाही. पण राजीनाम्याला पण माझी संमती नाही.

बायबलातल्या मार्था आणि मरीया या दोन बहिणींवरचे उपदेश तू लहानपणापासून ऐकलेत. एक प्रभूसाठी स्वयंपाकात राबणारी, दुसरी त्याच्या पायाशी ऐकत बसणारी. लूकच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय काढायचा, मार्थाला खाली बसवायचं, मरीयेला वर चढवायचं, की झालं. मला हे कधीच पटलं नाही. प्रभूने मार्थाला टोकलं ते तिच्या काळजीवरून, दगदगीवरून, स्वयंपाक करते म्हणून नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात त्यांच्या गावी, बेथानीत, परत जेवण आहे, तिथं मार्था वाढतेय आणि मरीया प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावतेय, आणि तिथं मार्थाला कुणी म्हणत नाही की भांडी ठेव आणि इकडं येऊन बस.

पण खरं बघायचं ते त्याच्या आधीच्या, ११ व्या अध्यायात. त्यांचा भाऊ लाजरस जाऊन चार दिवस झालेत. प्रभू येतोय असं कळल्याबरोबर मार्था उठून गावाबाहेर धावली आणि मरीया घरातच बसून राहिली. दोघींचे स्वभाव तिथंच दिसतात. मग दोघी वेगवेगळ्या वेळी प्रभूला भेटल्या आणि गंमत बघ, दोघींच्या तोंडून वाक्य एकच निघालं, प्रभू तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. वाक्य एकच पण प्रभूने दोघींना एकच उत्तर दिलं नाही. मार्थाशी तो बोलला, पुनरुत्थान मीच आहे हे एवढं मोठं वचन त्याने त्या धावून आलेल्या बाईला दिलं आणि तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र ही कबुली पण तिनंच दिली. मरीया पायाशी पडून रडली तेव्हा तिला त्याने काही समजावलं नाही, तो तिच्याबरोबर रडला. म्हणजे आपल्यातली कोण कशी आहे ते त्याला माहीत असतं आणि तो तसाच भेटतो. आपणच एकमेकींना एका मापात बसवायला जातो.

आता माझ्या जोडीदारणीचं सांगते. महिला मंडळात आम्ही दोघींनी वीस-बावीस वर्षं काम केलं, ती तुझ्या मैत्रिणीसारखीच, तिचा आवाज कंपाउंडच्या गेटवर ऐकू यायचा. एकदा पावसाळ्यात रात्री दोनला मंडळीतला एक माणूस गेला, लहान पोरं, बायको अगदी तरुण. माझ्या हातापायातलं बळच गेलं होतं पण हिनं तासाभरात शवपेटीवाल्याला उठवलं, पाळकसाहेबांना फोन केला, कबर खणायला पोरं लावली, कुणाच्या तरी घरनं गॅसबत्ती आणली, चिखलात साडी खोचून उभी राहिली सकाळपर्यंत. मी त्या बाईजवळ नुसती बसले होते, तिचा हात धरून, एक शब्द न बोलता. सगळं झाल्यावर मला वाटलं आपण काहीच केलं नाही.

पुढं आठ-दहा दिवसांनी माणसं यायची थांबली. जोडीदारीण तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी दवाखान्यात पळत होती. मग मी जायला लागले, दर गुरुवारी शाळा सुटली की, पेन्शनचे फॉर्म भरायला, पोरांच्या फीचा अर्ज लिहायला, कधी कधी नुसता चहा प्यायला. दीड वर्ष गेले. त्या बाईनं एकदा मला सांगितलं, ताई, त्या रात्री त्या नसत्या तर मातीच झाली नसती आणि नंतर तुम्ही नसता तर मी जगले नसते. दोन्ही तितकंच खरं होतं.

आपल्या मराठी मंडळीत टिळक पतिपत्नीचं उदाहरण तर घरातलंच आहे. कवी नारायण वामन टिळकांना ख्रिस्ती धर्म पटला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरदार, नातीगोती सगळं पणाला लावून. लक्ष्मीबाईंना त्याच वाटेनं यायला पाच वर्षं लागली, १९०० साल उजाडलं, पण आल्या त्या स्वतःच्या पायांनी, नवरा ओढतोय म्हणून नाही. आणि टिळक १९१९ ला गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य, ख्रिस्तायन, अर्धवटच राहिलं होतं, ते पूर्ण लक्ष्मीबाईंनी केलं. टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो, पण ती पाच वर्षं त्या बाईला घाई केली असती तर काय झालं असतं हे माझ्या मनात नेहमी येतं.

आता जरा कडू बोलते, राग मानू नको. तू लिहिलंयस की तिला नुसतं मिरवायचंय. हे तुला कसं कळलं? मोठ्यानं बोलणाऱ्याच्या मनात खोटेपणाच असतो असं आपण शांत माणसं फार पटकन धरून चालतो, आणि आपल्या गप्प बसण्याला नम्रता म्हणतो. ती नम्रता नसते दरवेळी, कधी कधी तो नुसता रुसवा असतो. यादी वहीत राहिली म्हणतेस पण वही उघडून पुढं केली होतीस का?

आणि दोघींचं नाहीच जमलं तरी आभाळ कोसळत नाही. पौल आणि बर्णबा हे प्रभूचा संदेश घेऊन गावोगाव फिरणारे दोघं सोबती, पण मार्क नावाच्या तरुणाला सोबत न्यायचं की नाही यावरून त्यांचं एवढं वाजलं की पौल सीला नावाच्या दुसऱ्या सोबत्याला घेऊन सूरियाकडं गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर. पौलाला काम दिसत होतं, बर्णबाला तो पोरगा दिसत होता. पुढं त्याच मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलं. पण तुमचं भांडण काही तिथवर गेलेलं नाहीये, एका मीटिंगची गोष्ट आहे.

तेव्हा शनिवारी तिच्या घरी जा, वही घेऊन. धान्य कुणाकडनं येणार, भाजी कुणाची, कोंबड्या कोण देणार, कोणत्या घरी यंदा पीक गेलंय आणि तिथं अर्पण मागायला जायचं नाही, हे सगळं तुझ्याच यादीत आहे, तिला यातलं काही माहीत नसणार. लिलाव तिलाच पुकारू दे, शंभराची कोंबडी पाचशेला जाईल तिच्या आवाजानं. आणि सण झाला की त्या पीक गेलेल्या घरी काय घेऊन जायचं ते तू ठरव, तिला सोबत ने, दारात हाक तिला मारू दे.

काय झालं ते रविवारी उपासना सुटल्यावर सांग, मी मागच्या बाकावर थांबते.

तुझी,
काकू