मुदतीच्या तापानंतरचे ताट

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून लातूरला वसतिगृहात राहून शिकतो. तिथे त्याला टायफॉईड झाला. ताप सुरू होऊन आज १८ दिवस झाले आहेत. गोळ्या चालू आहेत, पाच दिवसांपासून ताप नाही आणि आता तो आमच्याकडे औसा तालुक्यात गावी आहे. वजन ५४ किलोवरून ४८ वर आले आहे. डॉक्टरांनी ‘हलके खाऊ द्या’ एवढेच सांगितले. सासूबाईंच्या मते मुदतीच्या तापात आतडे कच्चे झालेले असते, म्हणून २१ दिवस पोटात जड अन्न जाता कामा नये. त्यामुळे दोन्ही वेळा भाताची पेज आणि मध्ये ग्लुकोजची बिस्किटे एवढ्यावरच तो आहे. रात्री उठून भाकरी मागतो. द्यावी का? दूध, अंडी चालतील का? अशक्तपणासाठी सलाईन लावून घ्यावे का?

उत्तर : मुलगा रात्री उठून भाकरी मागतो, ही तुमच्या पत्रातील सर्वांत चांगली बातमी आहे. टायफॉईडमध्ये अन्नावरची वासना उडते आणि ती परत येणे हे आजार हटत असल्याचे लक्षण असते. या भुकेला पेजेवर अडवून ठेवू नका.

सासूबाईंचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नाही. या आजाराचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिका ग्रंथींच्या चकत्यांमध्ये ठाण मांडतात. त्या चकत्या सुजतात, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे जखमा होऊन क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडते. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा उपयोग सुरू होईपर्यंत टायफॉईडवर खात्रीचे औषधच नव्हते. घरातला तरणा माणूस तिसऱ्या आठवड्यात असा गेलेला ज्या पिढीने पाहिला, तिने अन्नाचा धसका घेतला आणि तो धसका पुढच्या पिढ्यांकडे आला. पण आतड्याची जखम उपाशी ठेवल्याने भरत नाही. ती भरायला प्रथिनेच लागतात. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातच तापाच्या रुग्णांना उपाशी ठेवण्याच्या प्रथेला विरोध केला होता, आणि आपल्या थडग्यावर ‘याने तापकऱ्यांना जेवू घातले’ एवढेच लिहावे असे ते म्हणत, अशी आठवण सांगितली जाते.

आता पेजेचा हिशेब पाहा. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. दोन आठवडे ताप आणि त्यात जेवण नाही, म्हणजे तुमच्या मुलाचे जे सहा किलो गेले त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले आहेत. एक वाटी पातळ पेजेत मूठभरही तांदूळ नसतो. १५ ग्रॅम तांदळाची पेज धरली तर तिच्यातून सुमारे ५० कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिन मिळते. ४८ किलोच्या या मुलाला सध्या रोज ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत. अशा किती वाट्या पेज तो पिणार?

म्हणून ‘हलके’ या शब्दाचा अर्थ ‘थोडे’ असा न घेता ‘मऊ, पूर्ण शिजलेले, कमी तिखट आणि कमी तेलाचे’ असा घ्यावा. आजपासून मऊ भात, त्यावर मुगाचे घट्ट वरण आणि चमचाभर तूप द्या. मेतकूट घातले तर तोंडाला चव येते आणि डाळही पोटात जाते. दुधीभोपळा, लाल भोपळा, दोडका, गाजर या भाज्या साल काढून गाळ होईपर्यंत शिजवा. दोन वेळा पोटभर वाढण्याऐवजी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्या, कारण इतक्या दिवसांनी एकदम भरपेट जेवल्यास पोट फुगते आणि मग घरातली सगळी मंडळी अन्नालाच दोष देतात. आठवडाभरात त्याचे रोजचे खाणे भात-भाकरी मिळून ३०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध किंवा दही इथपर्यंत पोहोचले, तर प्रथिनांची गरज जवळजवळ यातच भागते.

भाकरीचेही तसेच. ज्वारीत तंतू जास्त असतात, म्हणून पहिले दोन-तीन दिवस ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील किंवा मऊ शिजवलेल्या कण्या द्याव्यात. ते सोसले की ताज्या, पातळ भाकरीचा पापुद्रा दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. आपल्याकडे आजाऱ्याला आणि लेकराला पापुद्राच काढून देतात, त्या रीतीत शहाणपण आहे. भाकरीसोबतची शेंगदाण्याची झणझणीत चटणी, ठेचा आणि येसराची आमटी मात्र दोन-तीन आठवडे बाजूला राहू द्या. शेंगदाणे वर्ज्य नाहीत. भाजून केलेला बारीक कूट बिनमिरचीचा भाजीत घालता येतो. कच्चा कांदा, मुळा, भाकरीबरोबर खायची कच्ची मेथी आणि हंगाम असेल तर हुरडा, हे सगळे सध्या नको.

अंडी जरूर द्या, पण पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेली. दूध उकळून द्या. टायफॉईडनंतर काहींना काही दिवस दूध पचत नाही, पोट गुडगुडते, जुलाब होतात. तसे झाले तर दूध थांबवून घरी विरजलेले ताजे दही किंवा ताक द्यावे. फळांमध्ये अर्धापूरकडची पिकली केळी आणि जालन्याची मोसंबी यांहून दूर पाहण्याची गरज नाही. मोसंबी हात धुऊन घरीच सोला. रस्त्यावरच्या गाड्यावरचा बर्फ घातलेला रस नको, कारण आजार बहुधा अशाच पाण्यातून आलेला असतो.

पाण्याबद्दल थोडे अधिक. टँकरचे असो की बोअरचे, पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळा, झाकून थंड करा आणि रांजणात हात न बुडवता दांड्याच्या ओगराळ्याने काढा. उन्हाळ्यात सरपण-गॅसची ओढाताण असेल तर क्लोरीनच्या गोळ्यांविषयी आशाताईंना विचारा. मुलाच्या विष्ठेतून काही आठवडे जंतू जाऊ शकतात. त्याने शौचानंतर साबणाने हात धुवावेत आणि सध्या घरच्यांसाठी स्वयंपाकात हात घालू नये.

सलाईनचा आग्रह धरू नका. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे १०० कॅलरी. तेवढ्या एका केळ्यातून मिळतात आणि केळ्याला सुई लागत नाही. ज्याला उलट्यांमुळे तोंडाने काहीच घेता येत नाही, त्याच्यासाठी सलाईन आहे. जुलाब झाले तर ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून द्या.

आज अठरावा दिवस आहे, म्हणजे तुम्ही अजून तिसऱ्या आठवड्यात आहात. औषध चालू असताना गुंतागुंतीचा धोका बराच कमी होतो, तरी एकाएकी जोराची पोटदुखी, पोट दगडासारखे कडक होणे, डांबरासारखी काळी किंवा रक्ताची शौच, दरदरून घाम येऊन अंग गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर तोंडाने काही न देता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. औषध पूर्ण घेऊनही १०० पैकी पाच ते दहा जणांना ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो उलटू शकतो. तसे झाले तर तपासणी करून घ्या, पण भाकरी खाल्ल्यामुळे तो उलटला असे मात्र कोणी म्हणू नये.

प्रश्न : मला दोन महिन्यांपूर्वी टायफॉईड झाला होता. आता ताप नाही, भूक चांगली आहे, पण विडाल तपासणी अजून पॉझिटिव्ह येते, म्हणून मी अजून वरणभातावरच आहे. मटण आणि तिखट केव्हा सुरू करू? (जि. परभणी)

उत्तर : विडाल तपासणी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली द्रव्ये मोजते, जंतू नव्हे, आणि ही प्रतिपिंडे बरे झाल्यावरही कित्येक महिने राहू शकतात. त्या कागदावरून पथ्य ठरवू नका आणि ताप नसताना ती तपासणी पुन्हा पुन्हा करून पैसेही घालवू नका. तुमचे पथ्य केव्हाच संपले आहे. दोन महिन्यांच्या अळणी जेवणानंतर पहिल्या दिवशी मटण मऊ शिजवून त्याचा रस्सा बेताच्या तिखटाचा करा, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा पुढच्या आठवड्याच्या बाजारासाठी ठेवा.