पोटरीतला गोळा, छातीतली जळजळ आणि सुजलेले पाय

या वेळी निपाणी, येळ्ळूर, खानापूर, अथणी सगळीकडनं गरोदरपणातल्या दुखण्यांचे प्रश्न आलेत आणि बहुतेकांत एक वाक्य आहेच, घरात सांगितलं तर "आम्हाला काय झालं नव्हतं काय, सहन कर" म्हणतात. मी चोवीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय, मला हे वाक्य अजून पटलेलं नाही. दुखतंय त्यातलं निम्मं घरच्या घरी कमी होतं, फक्त कसं ते कुणीतरी नीट सांगायला पाहिजे.

प्रश्न : मावशी, मला सातवा महिना चालू आहे. मी निपाणीत घरात बसून विड्या वळते, दिवसाला हजार तरी होतातच. कंबर इतकी दुखालंय की संध्याकाळी उठून उभं राहायला दोन मिनिटं लागतात. रात्री छातीत जळजळतंय. सकाळी मिसरी लावली की जरा बरं वाटतं. शेजारची बाई अंगदुखीची गोळी देते म्हणाली, घेऊ काय?

उत्तर : गोळी घेऊ नको गं. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक असतं, पाचव्या महिन्यानंतर त्यानं बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन पोटातलं पाणी कमी होऊ शकतं, आणि शेवटी शेवटी घेतलं तर बाळाच्या हृदयाजवळची एक नळी वेळेच्या आधी बंद होण्याची भीती असते. अगदीच सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरना विचारून.

आता कंबर. मी निपाणीत विडीवाल्या बायकांच्या घरी बसलेय, मांडीवर सूप, त्यात तंबाखू, मान खाली, पाठ वाकलेली आणि मांडी घातलेली ती जेवणापर्यंत सुटत नाही. पोट पुढं आलं की आधीच कंबरेला मागं बाक येतो, त्यात गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात आणि वर हे वाकून बसणं, मग दुखणारच. तू एवढं कर, भिंतीला पाठ टेकून बस, कमरेमागं उशी नाहीतर गुंडाळलेली चादर, खाली गोधडीची जाड घडी, आणि सूप मांडीवर न घेता समोर उंच पाटावर ठेव म्हणजे मान आणि पाठ वाकणार नाही. एक पाय आळीपाळीनं लांब सोडायचा. अर्ध्या तासानं उठायचंच, पन्नास विड्या कमी झाल्या तरी चालतील, घरात चार फेऱ्या मार. संध्याकाळी फरशी पुसताना जसे हात-गुडघे टेकतो तशी ये, श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर उचल, श्वास घेत परत सरळ कर, आठ-दहा वेळा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला लाव, पोटाला नको. आणि झोपेतून उठताना सरळ उठू नको, आधी कुशीवर वळ, मग हाताचा जोर देऊन उठ. खरं एक लक्षात ठेव, दुखणं थांबून थांबून कळा आल्यासारखं यायला लागलं, किंवा पाणी नाहीतर रक्त गेलं तर मात्र घरात थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

मिसरीचं मी कळकळीनं सांगते. जळजळीला बरं वाटतं म्हणून तू लावतेस, आणि जळजळ वाढण्यात तिचाच हात आहे, कारण अन्ननळी आणि पोट यांच्यामधली जी झडप गरोदरपणात आधीच ढिली असते ती तंबाखूतल्या निकोटीननं आणखी ढिली पडते. तेच निकोटीन नाळेतून बाळाकडं जातं आणि मिसरी लावणाऱ्या आयांची बाळं वजनानं कमी होतात, वॉर्डात मी किती बघितलीत ते सांगवत नाही. एकदम सुटत नसेल तर आशाताईला सांग, लाजू नको, दात मऊ ब्रश आणि पेस्टनं घास. विडीचं काम सोड म्हणायला सोपं आहे, पोट त्यावर चालतंय हे मला माहीत आहे, खरं तंबाखू चाळायचं काम या दिवसांत घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, तू वळताना नाकाला कपडा बांध, खिडकी उघडी ठेव, जेवायच्या आधी हात साबणानं दोनदा धू. जमलं तर हे दोन-तीन महिने दुसरं काम मिळतंय का ते घरच्यांनी बघावं.

जळजळीला आणखी एक, रात्री साडेनऊला भाकरी आणि खर्डा खाऊन लगेच आडवं व्हायची जी आपल्याकडची सवय आहे ती बंद. साडेसातपर्यंत थोडंसं जेव, झोपेआधी दोन-तीन तास गेले पाहिजेत, डोक्याकडची गादी घडी घालून उंच कर आणि डाव्या कुशीवर झोप. खायचा सोडा पाण्यात घालून घेऊ नको, त्यात मिठासारखंच सोडियम भरपूर असतं.

प्रश्न : आठवा महिना आहे, येळ्ळूरला असते. रात्री दोन-अडीचला पोटरीत गोळा येतो, ओरडायलाच होतंय. सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी असणार. मी लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही सकाळी चहाबरोबर घेते.

उत्तर : गोळा आला की पाय सरळ लांब कर, गुडघा वाकवायचा नाही, आणि पायाची बोटं आपल्याकडं ओढ. पोट आडवं येऊन हात पोचत नसेल तर नवऱ्याला उठव, त्यानं तळव्याला हात लावून हळू दाबायचं. उलटं म्हणजे बोटं पुढं ताणलीस तर गोळा आणखी आवळतो. सुटला की चार पावलं चाल. झोपायच्या आधी भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट धरायचं, दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. कॅल्शियम घ्यायचंच, खरं त्यानं गोळे थांबतीलच असं नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, लाल-गरम झाली, दुखणं राहूनच गेलं तर ते गोळ्याचं दुखणं नाही, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखव.

गोळ्यांची वेळ मात्र आजच बदल. लाल गोळी म्हणजे लोह आणि फॉलिक अॅसिड, ६० मिलिग्रॅम लोह असतं तिच्यात आणि ती किमान १८० दिवस घ्यायची असते. चहानं ते लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमही आडवं येतं. म्हणजे तू रोज गोळी घेतेस आणि उपयोग थोडाच होतोय. लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, तिच्या आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणासोबत, लाल गोळीपासून निदान दोन तास लांब. शौचाला काळं झालं तर घाबरू नको, ते लोहानंच होतं.

प्रश्न : बायकोला नववा लागलाय, खानापूर तालुक्यात गावात असतो. पाय सुजतात ते सगळे म्हणतात होतंच. खरं दोन दिवस झाले तोंड सुजल्यासारखं दिसतंय, बोटातली अंगठी निघेना आणि डोकं जड झालंय म्हणते. काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचलं आणि छापायची वाट न बघता मी तुम्हाला फोन केला. तुम्ही त्याच संध्याकाळी तिला घेऊन गेलात, बीपी वाढलेलं निघालं, आता ती दवाखान्यात आहे, फार बरं केलंत. बाकीच्यांसाठी लिहिते. संध्याकाळी घोट्याजवळ सूज येणं आणि रात्रभर पाय उशीवर ठेवून झोपल्यावर सकाळी उतरणं, हे चालतं. तोंड आणि हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, बरगड्यांखाली दुखतंय, यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा, रात्र असली तरी. आपल्याकडं कर्नाटकात तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्या लिहायचं सरकारी कार्ड, कन्नडमध्ये असतं म्हणून पुष्कळ मराठी घरात ते ट्रंकेतच राहतं. आकडे तर वाचता येतात ना, दर तपासणीला बीपीचा आकडा बघा, वरचा १४० किंवा खालचा ९० झाला की तिथंच विचारा, बाहेर येऊन नव्हे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, ती चुकवू नका.

प्रश्न : सुनेला पोट साफ होत नाही. आमच्यात एरंडेल देत होते, देऊ काय? अथणी.

उत्तर : काकू, एरंडेल नको, त्यानं कळा सुरू होऊ शकतात. दिवसाला दहा-बारा ग्लास पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, रात्री भिजवलेले चार अंजीर, आणि रोज थोडं चालणं. इसबगोल चालतो, भरपूर पाण्याबरोबर. चार दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टर दुसरं औषध देतील, लोहाच्या लाल गोळीनंही पोट घट्ट होतं, तरी ती मात्र तिला बंद करायला सांगू नका.