कोल्हापुरात आमच्या शाळेच्या छतावर ५ किलोवॅटचं सोलर आहे. त्याचं मॉनिटरिंग ॲप विज्ञान शिकवायला वापरता येईल का?

हो, बिनधास्त वापरा. मुलांना मात्र नुसतं बघण्यापुरतं लॉगिन द्या. मी इकडे सोलर बसवायचंच काम करतो. बहुतेक इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारी पेटी) दर ५ ते १५ मिनिटांनी ॲपला निर्मितीचा आकडा पाठवतात, तो वहीत उतरवून आलेख काढायला लावा. उन्हाळ्यात दिवसाला २० युनिटच्या आसपास मिळतील. जुलैच्या झडीत रेघ पार झोपते, ढग फाटला की एकदम सुळका. खरी गंमत एप्रिलात: पॅनेल २५ अंशांपुढे तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. मुलांना हे आधी खोटंच वाटतं. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं कुणी महिन्यातून एकदा हे आकडे घेऊन बसलं तर उत्तम. एक अडचण: साध्या सेटअपमध्ये फक्त निर्मिती दिसते, शाळेचा वापर बघायला वेगळा मीटर लागेल.