रत्नागिरीत १३ वर्षांच्या मुलीला सॉफ्टबॉलसाठी कोणते बूट आणि कपडे घ्यावेत?

तुमचं मैदान जांभ्याचं, कडक असेल तर लांब स्टडचे (तळाला टोकदार गुठळ्या असलेले) बूट घेऊच नका. टाचा भरून येतात. बारीक रबरी गुठळ्यांचे टर्फ शूज घ्या. मऊ लाल मातीवर मात्र रबरी स्टडचे बूट, म्हणजे क्लीट्स हवेत, चवड्यापुढेही स्टड असलेले. फुटबॉलच्या बुटांना तो पुढचा स्टड नसतो. धातूचे स्पाइक या वयात नकोत. माप संध्याकाळी, खेळायचे मोजे घालूनच बघा. टाच उचलली जात असेल तर बूट परत करा, ‘वाढत्या पायाला होईल’ म्हणून ठेवू नका.

घसरून बेस गाठताना मांड्या सोलवटतात, म्हणून पँटच्या आत स्लाइडिंग शॉर्ट्स (मांड्या झाकणारी घट्ट आतली चड्डी) हवीच. आपल्या दमट हवेत सुती कपडे अंगाला चिकटतात. पॉलिएस्टर लवकर वाळतं. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.