भाड्याच्या फ्लॅटमध्ये कासव? आधी एवढं बघ

हौस चांगलीये, फक्त आधी घरमालकाला विचार आणि ॲग्रीमेंटमध्ये लिहून घे, तोंडी 'हो'ला काही अर्थ नसतो. स्टार कासव कोणी फुकट दिलं तरी नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

दुकानातलं ते इवलंसं लाल कानाचं स्लायडर (पाण्यातलं कासव), मादी असेल तर २५-३० सेंमी होते, २०-३० वर्षं जगते आणि आपलं ॲग्रीमेंट असतं ११ महिन्यांचं, त्यामुळे घर बदलताना टाकीसकट कसं नेणार ते आत्ताच ठरव.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- प्लास्टिकच्या बाऊलमध्ये ठेवणं. मोठी टाकी, फिल्टर आणि वर चढून पूर्ण कोरडं होता येईल असा दगड हवाच.
- खिडकीच्या काचेतून येणारं ऊन पुरेल असं वाटणं. काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते, मग कवच मऊ पडतं, यूव्हीबीचा दिवा घेच.
- जमेना म्हणून तळ्यात सोडणं. हे अजिबात नको, आपल्या देशी कासवांच्या मुळावर येतं.

बाकी खाण्याचं वगैरे नंतर सांगतो, आधी मालकाशी बोलून घे.