आधी हवा बघ

अनेक आशीर्वाद.

प्लाझ्माने पत्रे कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं टेबल घ्यायचं म्हणून केलेला तुझा तक्ता पाहिला. तीन कोटेशनं, सव्वीस रकाने, कुठे हिरवा रंग, कुठे लाल. बेडची लांबी-रुंदी आहे, मोटर सर्व्हो की स्टेपर आहे, रॅक-पिनियन की बेल्ट हेही आहे. पाण्याचं टेबल घ्यावं की खालून धूर ओढणारं, यावर तर तू अर्धं पान लिहिलंयस. आणि शेवटी, "काका, आता मला काहीच कळेनासं झालंय."

कळेनासं होणारच. सव्वीस रकान्यांत हवेचा एकही रकाना नाही. तळाला बारीक अक्षरात फक्त एक ओळ: "कॉम्प्रेसर – आहे तोच चालेल." हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

हिंमत वगैरे देत बसत नाही. गॅस कटरने दिवसभर प्लेटा कापणाऱ्या मुलीला ती मी काय देणार! पण ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हेच वाक्य मी एकदा बोललो होतो. अगदी याच शब्दांत.

कापते कोण, ते आधी नीट डोक्यात घे. दाबाखालची हवा टॉर्चमध्ये शिरते, आर्कमधून, म्हणजे विजेच्या झोतातून, जाताना हजारो अंशांपर्यंत तापते, नोझलच्या बारीक भोकातून सुटते, धातू वितळवते आणि वितळलेला धातू खाली उडवूनही तीच देते. गॅन्ट्री (टॉर्च धरून सरकणारी चौकट), मोटर, कंट्रोलर, सॉफ्टवेअर ही सगळी त्या भोकाला इकडून तिकडे नेणारी मंडळी. पालखीचे भोई. आणि तू सव्वीसच्या सव्वीस रकाने भोयांवर खर्च केलेस.

माझं टेबल आलं तेव्हा मीही तेच केलं होतं. होता नव्हता तो पैसा बेडवर घातला, पूर्ण पत्रा मावेल एवढा मोठा. हवेसाठी कोपऱ्यातला जुना पिस्टन कॉम्प्रेसर होताच, रंगाच्या स्प्रेगनला वर्षानुवर्षं पुरत आलेला. पहिल्या दिवशी कट झकास आले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कड तिरपी यायला लागली, खाली ड्रॉस, म्हणजे वितळून थिजलेला धातू, चिकटायला लागला, टॉर्चच्या आतले इलेक्ट्रोड, ज्यांच्यावरून आर्क निघतो, ते दुपारपर्यंत मरायला लागले. मी पुरवठादाराला फोन करकरून हैराण केलं. त्याने माणूस पाठवला, टॉर्च बदलून दिला, केबल बदलून दिली. मी ओरडत राहिलो.

तुझ्याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे ऑपरेटर होता. एका सकाळी तो पांढरा कागद घेऊन आला. टॉर्च न पेटवता नुसती हवा त्याने कागदावर सोडली होती. कागदावर पाण्याचे बारीक थेंब आणि मधोमध तेलाचा पिवळट डाग. मी म्हणालो, "कागद दाखवू नकोस, काम दाखव." महिन्याभरात तो सोडून गेला. हवेतलं पाणी काढणारा ड्रायर मी त्यानंतर वर्षभराने घेतला. इलेक्ट्रोड तोच, नोझल तेच, टेबल तेच, आणि कट पहिल्या दिवसासारखा. तेव्हापासून कोणी टेबलाचं नाव काढलं की माझ्या तोंडून एकच निघतं: आधी हवा बघ.

असं का होतं? हवा दाबली की तापते, आणि टाकीत, पाइपात निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. दमट दिवसांत तर टाकीच्या तळाची तोटी उघडली की पाणी वाहतं. तेच पाणी टॉर्चपर्यंत गेलं की आर्क अस्थिर होतो, नोझलचं गोल भोक लांबट होतं आणि कट तिरका येतो. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियम नावाच्या धातूचा एवढासा टिपका असतो. तो दर वेळी आर्क सुरू होताना थोडा झिजतोच. खड्डा दीडेक मिलिमीटर खोल गेला की इलेक्ट्रोड बदलायचा. कोरड्या हवेवर त्याला वेळ लागतो. ओल्या हवेवर चहा पिऊन येईपर्यंत काम तमाम.

आता तुझा लाडका हाइट कंट्रोल घे, पत्र्यापासून टॉर्चची उंची सांभाळणारा. त्याच्यासमोर तू हिरवा रंग भरलायस. तो डोळ्याने उंची मोजत नाही, आर्कचं व्होल्टेज बघतो. टॉर्च वर गेला की व्होल्टेज वाढतं, मग तो टॉर्च खाली आणतो. इलेक्ट्रोडला खड्डा पडला की आर्क लांबतो, व्होल्टेज तसंही वाढतं, आणि या बिचाऱ्याला वाटतं टॉर्च वर गेलाय. तो त्याला खाली, आणखी खाली नेतो आणि शेवटी पत्र्यावर घासतो. दोष हवेचा, शिव्या हाइट कंट्रोलला. मी स्वतः दिल्यात.

म्हणून आधी हवा बघ. कोटेशनमधल्या प्लाझ्मा मशिनला किती हवा लागते ते विचार. ४५ अँपिअरच्या आसपासच्या मशिनला मिनिटाला साधारण २०० लिटर लागते, तीही दाब न पडता, सतत. कॉम्प्रेसरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात असतो तो आकडा बहुतेकदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन कागदावर किती हवा ओढतो त्याचा. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, त्याहून बरीच कमी असते. ती गरजेच्या दीडपट तरी हवी, नाहीतर छोटा पिस्टन कॉम्प्रेसर श्वास न घेता धावत राहतो, तापतो, आणि तापला की आणखी पाणी, आणखी तेल पुढे ढकलतो. दाब बघायचा तो हवा वाहत असताना, मशिनच्या तोंडाशी. बंद पाइपात काटा नेहमीच छान दिसतो. होज बारीक आणि लांब घेतलास तर वाटेतच दाब पडेल. ड्रायर हवा, तेल पकडणारा फिल्टर हवा, आणि तो फिल्टर कॉम्प्रेसरपाशी नको, मशिनजवळ हवा. टाकीचं पाणी रोज सोडायचं. रोज. आठवण राहिली की नव्हे.

बाकीचे रकाने मी झटपट संपवतो.

जाडीच्या आकड्याला फसू नकोस. "२५ मिलिमीटर कापतं" असं लिहिलेलं असतं तेव्हा तो बहुधा कडेपासून सुरू केलेला, कसाबसा तुटणारा कट असतो. टेबलावर तुला मधोमध भोक पाडून सुरुवात करायची असते, आणि त्याची मर्यादा जवळपास निम्मी. तुझं रोजचं काम ज्या जाडीचं, ती या भोक पाडण्याच्या, म्हणजे पियर्सिंगच्या, आकड्यात सहज बसली पाहिजे. ड्यूटी सायकलचंही तेच: ६०% म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कट, चार मिनिटं विश्रांती. टेबल हातासारखं दमत नाही, त्यामुळे ही मर्यादा तिथे लवकर गाठली जाते.

वेगाच्या रकान्यापुढे कोपऱ्याचा रकाना घाल. गॅन्ट्री सरळ रेषेत किती धावते याला फार अर्थ नाही, वळणावर ती किती लवकर सावरते याला आहे. पातळ पत्र्यावर कोपऱ्यात वेग मेला की कोपरा जळतो.

हाय फ्रिक्वेन्सीने आर्क सुरू करणारं मशिन नको. त्याच्या विजेच्या गोंगाटाने कंट्रोलर मध्येच वेडा होतो आणि तू आठवडाभर अर्थिंग शोधत बसशील. अर्थिंग तसंही चोख कर.

पाण्याचं टेबल घे किंवा धूर ओढणारं, दोन्ही चालतं. पण पाण्याचं घेतलंस आणि अ‍ॅल्युमिनियम कापणार असशील तर थांब. तळाशी साचलेला अ‍ॅल्युमिनियमचा चुरा पाण्याशी मिळून हायड्रोजन सोडतो, तो पत्र्याखाली अडकतो आणि ठिणगी मिळाली की भडकतो. इथे मी विनोद करत नाही. स्टेनलेसच्या धुरात षट्संयोजी क्रोमियम हे घातक रूप असतं, तो धूर कोणीही ओढू नये, तूही नाही, झाडू मारायला येणारी बाईही नाही.

डेमोला जाशील तेव्हा त्यांचा पत्रा कापून घेऊ नकोस. तुझी प्लेट ने, तुझं ड्रॉइंग ने, त्यात प्लेटच्या जाडीएवढ्याच व्यासाचं एक भोक ठेव. प्लाझ्माची परीक्षा तिथे होते. कट बघून झाला की मशिनकडे पाठ कर आणि मागे जा. त्यांचा कॉम्प्रेसर बघ. बहुतेक ठिकाणी मोठा स्क्रू कॉम्प्रेसर, टाकी, ड्रायर, फिल्टर अशी अख्खी वरात उभी असते. समोर तू जो कट बघून भुललीस तो त्या हवेचा होता. तो कट तुला टेबलाबरोबर मिळत नाही.

तू विचारशील, "काका, मग तुम्ही एवढा मोठा बेड घेतलात कशाला? लहान घेऊन हवेला पैसे ठेवायचे होते." हे मला खूप जणांनी ऐकवलंय. मोठा बेड चूक नव्हता. पूर्ण पत्रा टेबलावर चढला की आधी तोडावा लागत नाही, नेस्टिंग, म्हणजे पत्र्यावर तुकड्यांची मांडणी, नीट बसतं, भंगार कमी निघतं. लहान बेड घेऊन पुढे पस्तावलेले मी पाहिलेत. ड्रायर तेव्हा घेतला असता तर तेवढं टेबल आलंच नसतं, हा हिशेब मी शंभर वेळा मांडलाय आणि दर वेळी तो बरोबर येतो. तरी त्या मुलाचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला असता तर वर्ष वाचलं असतं. बेडचं मी कबूल करणार नाही. कागदाचं करतो.

तुला मात्र तो हिशेब मांडू देणार नाही. बेड एक पायरी लहान घे, सॉफ्टवेअर साधं घे, रंगीत स्क्रीन सोड. हवेत काटछाट नको.

आता एवढंच कर. उद्या सकाळी "आहे तोच" तो कॉम्प्रेसर अर्धा तास सलग चालव. त्या वेळात ब्लोगन (हवा फुंकायची बंदूक) लावून हवा वापरत राहा, नुसती टाकी भरून ठेवू नकोस. मग ब्लोगनसमोर वीतभर अंतरावर पांढरा कोरा कागद धर आणि अर्धा मिनिट हवा सोड. डोळ्यांना गॉगल लाव. तो कागद मला पाठव. तक्ता नको, चौथं कोटेशनही नको.

ओला असला तरी पाठव. ओरडणार नाही.

तुझा,
काका