'माझ्यामुळेच झाला ना तिला?'

टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही) असलेल्या आईवडिलांच्या मनात हा प्रश्न मूल जन्मल्यापासून दबा धरून बसलेला असतो. एका वडिलांच्या बाबतीत ती भीती खरी ठरली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सहा वर्षांची मुलगी सारखं पाणी मागू लागली आणि कधीच सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. वडिलांनी स्वतःच्या ग्लुकोमीटरवर तपासलं तर साखर ३८०. त्याच रात्री रुग्णालयात नेल्यामुळे कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्शुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साचण्याची जीवघेणी अवस्था) टळला. वडिलांना आजार माहीत होता म्हणूनच हे इतक्या लवकर लक्षात आलं.

दोन महिन्यांनी दोघे समुपदेशनाला आले. आईची तक्रार साधी होती: 'हे रात्री तीन-तीनदा तिचं बोट टोचतात, आणि तरी तिची साखर घसरतेच.'

मी नोंदवही मागितली. एका संध्याकाळची पानभर नोंद होती. जेवणाआधी ११०. जेवल्यावर तासाभरात २४०, म्हणून एक युनिट इन्शुलिन. आणखी तासाने २१०, म्हणून पुन्हा एक. मग ५८. लगेच पाच चमचे ग्लुकोज पावडर, आणि झोपताना २६०.

इथे घोटाळा मापाचा होता. जलद इन्शुलिनचा असर तीन-चार तास टिकतो. पहिल्या युनिटचं काम चालू असतानाच दुसरं पडलं होतं. शिवाय दिवसाला ४५ युनिट घेणाऱ्या वडिलांची साखर एका युनिटने साधारण ४० ने उतरते, तर दिवसाला १२ युनिट घेणाऱ्या मुलीची १५० ने. (१८०० ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागायचं, हा ढोबळ अंदाज, नेमका आकडा डॉक्टर ठरवतात.) त्यात निदानानंतरचे काही महिने स्वादुपिंड थोडंफार इन्शुलिन बनवत असतं, त्यामुळे गरज आणखी कमी होऊ शकते. साखर उतरल्यावर दिलेलं ग्लुकोजही मोठ्या माणसाच्या मापाचं. तिच्या २० किलो वजनाला, किलोमागे ०.३ ग्रॅम धरून, ६ ग्रॅम पुरतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि ७० च्या खालीच असेल तर तेवढंच परत द्यायचं.

हे सगळं त्यांना पाच मिनिटांत पटलं. मग मी विचारलं, '२४० दिसलं की मनात काय येतं?' बराच वेळ वडील गप्प होते. 'हे मी दिलंय तिला. निदान लवकर उतरवू तरी.'

या वाक्याला उत्तर देणं हेच खरं काम होतं, आणि नुसता धीर देऊन ते होत नाही. वडिलांना टाइप १ असेल तर शंभरातल्या साधारण सहा मुलांना तो होतो, आईला असेल तर दोन-तीन जणांना. बाकीच्यांना होत नाही. ज्यांना टाइप १ होतो त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात आधी तो कुणालाच नसतो. जनुकांमुळे धोका वाढतो, पण आजार सुरू होण्यामागे इतरही कारणं असतात, आणि खाण्यापिण्यात किंवा वाढवण्यात काही वेगळं करून तो टाळता आला असता असं नाही. वाईट वाटणारच, ते वाटू द्यावं. पण त्या वाटण्यावरून डोस ठरवू नये.

आम्ही ठरवलं ते असं: आधीच्या डोसला तीन तास होईपर्यंत वाढीव साखरेसाठी जास्तीचं इन्शुलिन नाही, आणि द्यायचं तेव्हा डॉक्टरांनी मुलीसाठी दिलेल्या आकड्यानेच, अर्ध्या-अर्ध्या युनिटाने डोस देता येणारं इन्शुलिनचं पेन वापरून. उलट्या किंवा ताप असेल तर मात्र कीटोन तपासून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. मूल जेवलं नाही तरी बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्शुलिन बंद करायचं नाही. रात्रीची तपासणी डॉक्टर सांगतील तेवढीच, आईवडिलांनी पाळीपाळीने करायची. आईने डोस काढायला शिकायचं. 'मला अनुभव आहे' म्हणून तिला बाजूला ठेवलं गेलं होतं. वडिलांची आणि मुलीची पेनं आणि बोट टोचायची उपकरणं कायम वेगळी. सुई बदलली तरी पेन एकमेकांचं वापरायचं नाही, कारण काडतुसात रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो. घाईत हे फार सहज घडतं, म्हणून पेनांना रंगीत पट्ट्या लावायच्या.

मुलीशी बोलले तेव्हा तिने विचारलं, 'आकडा मोठा आला की बाबा रागावतात का?' मीटर बघून सोडलेला सुस्कारा तिने असा वाचला होता. त्या दिवसापासून घरात 'वाईट साखर' हा शब्द बंद झाला; आकडा नुसता 'जास्त' किंवा 'कमी'. संध्याकाळी बाबा तिच्याशेजारी बसून तपासतात आणि स्वतःचाही आकडा मोठ्याने सांगतात.

शेवटी धाकट्या मुलाचा विषय निघाला. त्याचंही बोट अधूनमधून टोचलं जात होतं. तो ठणठणीत असताना त्याचा उपयोग नाही. सोय असेल तिथे बालमधुमेहतज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रतिपिंडांची (शरीराने स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांची) रक्तचाचणी करता येते. दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडं सापडली तर साखर नॉर्मल असतानाच आजार सुरू झालाय असं समजतात आणि पुढे नियमित लक्ष ठेवतात. पण फार तहान, सारखी लघवी, वजन घटणं यांपैकी काही दिसलं, तर त्याच दिवशी साखर तपासायची.